भावोजींचं अस्वल

आमच्या भावोजींनी उभ्या हयातीत अस्वल पाहिलेलं नव्हतं, आणि त्यांचा धंदा अस्वल दाखवण्याचा होता. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्या नावानं खडे फोडायला नकोत. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. डोंगरावर जे तळ्याचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथले सगळ्यात जुने गाइड. छातीवर पितळी बिल्ला, डोक्यावर रुंद काठाची टोपी, आणि चालण्यात असा रुबाब की डोंगर यांच्या वडिलांनीच बांधून ठेवला असावा. फाटकावर सगळे त्यांना ‘हळूबोला’ म्हणायचे. पर्यटकांची टोळी घेऊन पायवाटेच्या पहिल्या वळणावर आले की ते ओठांवर बोट ठेवून म्हणायचे, “हळू बोला. ते ऐकतंय.” काय ऐकतंय ते मात्र सांगायचे नाहीत. टोळी तिथून पुढे तळ्यापर्यंत मांजराच्या पावलांनी चढायची.

माझं दुकान त्याच फाटकाला लागून आहे. दुकान कसलं, पत्र्याची खोली. डोंगर चढायचे बूट, काठ्या, रेनकोट आणि दुर्बिणी मी भाड्यानं देते. आत शिरलं की ओल्या चामड्याचा आणि बुटांत टाकायच्या पावडरीचा वास येतो. पाहुण्यांना तो आवडत नाही, मला आता कळतही नाही. भिंतीला तारेवर नाड्या वाळत असतात आणि फळ्यांवर नंबरवारीनं बूट. या धंद्यात एक गोष्ट शिकले. माणूस एक वेळ वय खरं सांगेल, पण बुटाचा नंबर खरा सांगणार नाही. बायका एक नंबर कमी सांगतात, पुरुष एक नंबर जास्त, आणि दोघंही संध्याकाळी लंगडत येऊन माझ्या बुटांना नावं ठेवतात. मी ऐकून घेते. ज्याची त्याची हौस.

तळं तसं खरंच सुंदर आहे, त्यात भावोजींचा काही हात नाही. तिन्ही बाजूंनी कडे आणि मध्ये असं पाणी की तळाचा दगडन् दगड दिसावा. वाटेत हरणं दिसतात, सुतारपक्षी दिसतो, नशीब असलं तर पाणमांजरंही खेळताना दिसतात. पण लोकांना पाणमांजर नको असतं. उद्यानवाल्यांनी तिकिटावर अस्वलाचं चित्र छापून ठेवलंय, मग माणूस काय खारी बघून घरी जाणार? डोंगरात अस्वलं आहेत, नाहीत असं नाही. संशोधक मंडळी मागच्या दऱ्यांत कॅमेरे लावून ठेवतात, त्यांत ती सापडतात. पण भर दुपारी, बिस्किटांचे पुडे फोडत चढणाऱ्या टोळीपुढे कुठलं अस्वल येऊन उभं राहणार? त्यालाही काही अब्रू आहे.

तर या अडचणीवर भावोजींनी उपाय काढला होता. तळ्याच्या पलीकडच्या काठावर जायला मनाई आहे, तो भाग जनावरांसाठी राखून ठेवलाय. तिथे एका मोठ्या खडकाच्या डावीकडे वीज पडून जळालेला एक बुंधा आहे. काळाकुट्ट, खाली रुंद, वर निमुळता, आणि माथ्यावर दोन गाठी. अलीकडच्या काठावरून बघितलं तर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. भावोजी टोळीला तिथे आणायचे, पाण्याकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून उभे राहायचे, आणि मागे न बघताच खांद्यावरून बोट दाखवून कुजबुजायचे, “खडकाच्या डावीकडे. बसलंय. हलू नका.” लोक हलायचे नाहीत. बुंधाही हलायचा नाही. एखादा चौकस निघालाच आणि म्हणाला, “हलत का नाही हो?” तर भावोजी म्हणायचे, “विचार करतंय.” आणि मग क्षणभरानं, “आत्ता मान वळवली, बघितलंत?” प्रत्येक टोळीत एक तरी असा असतोच, जो म्हणतो, “हो हो, वळवली!” एकदा एकानं बघितलं की बाकीच्यांची न बघायची काय बिशाद!

या कारखान्यात माझाही हातभार होता. चांगल्या दुर्बिणी मी पक्षी बघणाऱ्यांसाठी ठेवायचे. अस्वलवाल्यांना द्यायच्या दुर्बिणी वेगळ्या पेटीत होत्या. दमट हवेनं त्यांच्या काचांवर आतून बुरशी चढली होती. त्यांतून माझ्या सासूबाईंकडे बघितलं असतं तरी अस्वल दिसलं असतं, अर्थात त्यांच्या बाबतीत चांगल्या दुर्बिणीनंही फार फरक पडला नसता. मला यात काडीची लाज वाटत नव्हती. लोक खूश होऊन उतरायचे, वाटेत भेटेल त्याला सांगत सुटायचे. आनंदाला कुणी पावती मागत नाही.

आता माझ्या ताईबद्दल. ताई पायथ्याच्या विश्रामगृहात धुलाईघराची मुख्य होती. तिथे सकाळपासून वाफ कोंडलेली असते, मोठ्या पिंपांत चादरी उकळत असतात, आणि त्या वाफेतून ताईचा आवाज फिरत असतो. धुतलेली चादर दोन बायकांनी टोकांना धरून खिडकीसमोर ताणायची, ताईनं लांबूनच नजर टाकायची आणि म्हणायचं, “डावा कोपरा. चहा.” की ती चादर परत पिंपात. तिच्या नजरेतून डाग सुटला नाही आणि नवराही सुटला नाही. भावोजी म्हणाले, नळ दुरुस्त केला, तर ती म्हणायची, “असेल, असेल,” आणि नळाखाली बादली ठेवायची. भावोजी म्हणाले, सरळ घरीच आलो, तर “असेल, असेल.” हे ‘असेल, असेल’ ऐकून ऐकून भावोजी अर्धे झाले होते.

एका गोष्टीवर मात्र तिचा पुरता विश्वास होता, आणि ती म्हणजे अस्वल. भावोजींनी सांगितलं असतं तर तिनं ते नळाच्याच रांगेत बसवलं असतं. पण सांगायचे ते पाहुणे. डोंगरावरून उतरलेली माणसं धुलाईघराच्या खिडकीशी टॉवेल मागायला यायची आणि डोळे मोठे करून सांगायची, “तुमच्या यजमानांनी अस्वल दाखवलं! केवढं होतं! आणि हे आपले त्याच्याकडे पाठ करून उभे, जरासुद्धा भीती नाही!” परक्या माणसांना खोटं बोलून काय मिळायचंय? ताईला पटलं. त्यामुळे घरात कितीही जुंपली, तरी भावोजी शेवटी म्हणायचे, “रोज अस्वलापुढे उभा राहतो मी, मला नळाचं काय सांगतेस!” आणि ताई गप्प बसायची. रोज संध्याकाळी काम आटोपून ती दारात येऊन उभी राहायची. वळणावर टोपी दिसली की आत जाऊन चहा टाकायची. भावोजींना ते लांबूनच दिसायचं, आणि घराकडचा छोटा चढ ते जरा छाती काढूनच चढायचे. मला एकदा म्हणालेही होते, “बाकी काही असो, मेहुणीबाई, कुणीतरी आपल्यासाठी जीव मुठीत धरून उभं असतं, हे सुख वेगळंच.”

ताई निवृत्त झाली तेव्हा विश्रामगृहाच्या लोकांनी तिला भेट दिली. काय दिलं असेल? तळ्याची एक दिवसाची सहल. गाइडसकट, अस्वलासकट. भेट देताना व्यवस्थापक हसत म्हणाले, “गाइड घरचाच आहे, तेव्हा अस्वल जरा जवळून दाखवायला सांगा.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भावोजी मागच्या रांगेत बसले होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं फक्त मला दिसलं.

त्यानंतर त्यांचा गुडघा दुखायला लागला. गुडघा बरा झाल्यावर वाट निसरडी झाली. वाट सुकली, तर अस्वल मागच्या दरीत गेलं. ते परत आलं तेव्हा ती मादी निघाली आणि तिच्याबरोबर पिल्लं होती, म्हणजे भलतीच धोक्याची. ताई म्हणाली, “पिल्लं? मग तर गेलंच पाहिजे.” आपल्याच शब्दात अडकण्याचा इतका छान नमुना मी पुन्हा बघितला नाही.

सहलीच्या आदल्या दिवशी भावोजी दुकानात आले. मी बुटांना तेल लावत होते.

“मेहुणीबाई, त्यातल्या त्यात वाईट दुर्बीण काढून ठेव.”

“भावोजी, ती अंगणाच्या या टोकावरून त्या टोकाच्या चादरीवरचा डाग बघते. तिला दुर्बीण लागते कशाला?”

“मग काय करू?”

“खरं सांगा की.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना विजारीशिवाय डोंगर चढायला सांगितलं. मग बाकावर बसले, टोपी काढली, आणि बराच वेळ टोपीच्या काठावरून बोट फिरवत राहिले.

“खरं सांगितलं तर ती दारात उभी राहील का गं?” ते म्हणाले.

मला चेष्टा करायची होती, पण त्या आवाजावर करता आली नाही. मी म्हटलं, “बघू या उद्या,” आणि तेलाचा डबा बंद केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. मला ताईनंच ओढून नेलं, “तू कुठे बघितलंयस अस्वल,” म्हणून. मी दुकान बंद केलं. ताईनं जन्म डोंगराच्या पायथ्याशी काढला, पण डोंगर तिला माहीत होता तो चादरींना लागलेल्या चिखलापुरता. सुटीच्या दिवशी घरचे कपडे असायचे. आता वाटेनं तिला काय बघू आणि काय नको असं झालं होतं. भावोजींनी तिला सुतारपक्ष्यानं पाडलेली भोकं दाखवली, दवात उमटलेले हरणांचे खूर दाखवले. झाडाला कान लावायला लावून आत वाळवी कशी करकरते ते ऐकवलं. ताई वाकून वाकून बघत होती आणि मध्येच त्यांच्याकडे वळून म्हणत होती, “हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत!” भावोजी म्हणाले, “तू ‘असेल, असेल’ म्हणाली असतीस.” ताई इतकी हसली की तिला झाडाला धरून थांबावं लागलं. त्या दोघांना असं हसताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते, त्यांच्या आणि माझ्याही.

वाटेच्या निम्म्यात भावोजींचं चालणं हळू झालं. ‘हळू बोला’ ते एकदाही म्हणाले नाहीत.

तळ्याशी पोचलो तेव्हा ऊन पाण्यावर आलं होतं. इतर कुणी नव्हतं. ताई एका दगडावर बसली आणि पाण्याकडे बघत राहिली. भावोजी सवयीनं पाण्याकडे पाठ करून आमच्यासमोर उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला, खांद्यावरून बोट मागे केलं. “खडकाच्या डावीकडे,” असं म्हणाले आणि थांबले.

ताईनं बघितलं. तिचे डोळे तिथेच खिळले.

“अगं बाई,” ती म्हणाली. “केवढं आहे हो! आणि तुम्ही रोज याच्यासमोर?” तिनं उठून त्यांचा हात धरला. “मी आयुष्यभर तुमचं एक अक्षर खरं मानलं नाही. पण हे एक मानलं. रोज दारात उभी राहून म्हणायचे, आजचा दिवस सुखरूप येऊ दे.”

भावोजींचा चेहरा पिळून काढलेल्या कपड्यासारखा झाला. मी मान खाली घातली.

“ते अस्वल नाही,” ते म्हणाले.

“अं?”

“बुंधा आहे. वीज पडून जळालेला बुंधा. मी सगळ्यांना तोच दाखवतो. मी जन्मात अस्वल बघितलेलं नाही. ही तुझी बहीण आहे, तिला विचार, तिच्या दुर्बिणीसुद्धा बुरशीच्या आहेत. सगळं खोटं आहे. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी.”

ताईनं त्यांच्या खांद्यावरून परत पलीकडे बघितलं. चादर तपासताना बघते तसं, शांतपणे.

“बुंधा?” ती म्हणाली.

“बुंधा.”

“मग तो पाणी का पितोय?”

मी मान वर केली. खडकाच्या डावीकडे बुंधा होता, नेहमीचाच. आणि त्याच्या पुढे, पाण्याच्या कडेला, दुसरा काळा ढीग होता, ज्याची मान खाली गेली होती आणि पाण्यात वर्तुळं उठत होती. भावोजी वळले. ज्या माणसानं अख्ख्या जगाला हळू बोलायला शिकवलं, तो मोठ्यानं ओरडला, “अगं आई गं!” आणि मटकन खाली बसला. अस्वलानं मान वर केली, आमच्याकडे बघितलं, नाकातून पाणी झटकलं, आणि काही खास नाही असं ठरवल्यासारखं झाडीत निघून गेलं.

मग ताई त्यांच्याजवळ खाली बसली आणि टोपी नीट करत म्हणाली, “कळलं मला.”

“काय कळलं?”

“मी घाबरू नये म्हणून बुंधा म्हणालात.”

झालं! याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. उतरताना भावोजींच्या सगळ्या शपथा घेऊन झाल्या. मीही साक्ष दिली, “ताई, खरंच बुंधा होता गं, एवढी वर्षं.” ताई पुढे चालत होती. वळूनही न बघता म्हणाली, “असेल, असेल.” मेहुणी भावोजींची बाजू घेणारच, असं तिचं म्हणणं.

ताईनं ही गोष्ट जुन्या धुलाईघरात जाऊन सांगितली. धुलाईघरातून ती विश्रामगृहाच्या प्रत्येक खोलीत चादरींबरोबर पोचली. बायको घाबरू नये म्हणून अस्वलाला बुंधा म्हणणारा गाइड! पाहुणे फाटकावर येऊन तोच गाइड मागायला लागले, विशेषतः नवी लग्नं झालेले. आणि इकडे भावोजींची जीभ वळेना. खरं अस्वल बघितल्यावर त्यांच्यानं बुंध्याकडे बोट दाखवून ‘बसलंय’ म्हणवेना. ते सरळ सांगायचे, “मंडळी, तो बुंधा आहे.” मंडळी एकमेकांना कोपर मारून म्हणायची, “कळलं, कळलं! बुंधा!” त्यांनी मला चांगल्या दुर्बिणी द्यायला लावल्या. त्यांतून बघून लोक म्हणायचे, “काय हुशार जनावर आहे, अगदी बुंध्यासारखं बसलंय!” धंदा असा चालला की दुसरे गाइडही आपापल्या टोळ्यांना बुंधा आहे, बुंधा आहे म्हणून सांगायला लागले. मी म्हणते, देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो, पण ज्याला द्यायचं त्याला विचारत नाही.

भावोजी मात्र वाळत चालले. एके संध्याकाळी बूट परत द्यायची गर्दी ओसरल्यावर ते माझ्याकडे येऊन बसले.

“मी तिला जन्मात एकदाच मनापासून खरं सांगितलं,” ते म्हणाले, “आणि नेमकं तेच तिला खोटं वाटलं.”

“बरंच झालं की, भावोजी. झाकली मूठ सव्वा लाखाची. पितळ उघडं पडलं असतं तर काय केलं असतंत?”

“ती आता आधीपेक्षा लवकर येऊन दारात उभी राहते गं,” ते म्हणाले. “आधी मला मजा वाटायची. आता वळणावर आलो की पाय उचलत नाही. ती कुणासाठी उभी असते? तो माणूस मी नाहीच.”

मला राग आला. त्यांचा की ताईचा की त्या बुंध्याचा, ते कळलं नाही. एवढ्या वर्षांत मी या माणसाची टिंगलच केली होती, आणि आता तो माझ्या बाकावर बसून बायकोपुढे खोटारडा ठरायची धडपड करत होता. म्हटलं, “मग तिला तिथे नेऊन हात लावायला द्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला?” “पलीकडे मनाई आहे,” ते म्हणाले. “हंगाम संपला की नसते,” मी म्हटलं.

हंगाम संपल्यावर तळ्याकाठचा कचरा उचलायला उद्यानवाले आम्हा गावातल्यांनाच बोलावतात. पलीकडच्या काठावर वाऱ्यानं वाहून गेलेले पुडे, बाटल्या, एखादी टोपी असं बरंच साठलेलं असतं, आणि त्यासाठी होड्या देतात. एका होडीत आम्ही तिघं पोती घेऊन बसलो. भावोजींनी वल्ही घेतली. ताईला वाटत होतं, आपण कचऱ्यालाच आलोय. काठाला लागताच भावोजींनी पोतं टाकलं, तिचं मनगट धरलं आणि तिला सरळ बुंध्यापाशी नेलं.

“हात लाव,” ते म्हणाले.

ताईनं हात लावला. तळव्याला काजळी लागली. तिनं बुंध्याकडे बघितलं, माथ्यावरच्या दोन गाठींकडे बघितलं, मग वळून पाण्यापलीकडे, जिथे टोळ्या उभ्या राहतात त्या जागेकडे बघितलं. मला तिच्या डोक्यातलं स्पष्ट दिसत होतं. इस्त्रीनं जळालेली चादर कुणीतरी ढिगाच्या तळाशी लपवलेली सापडली की तिचा चेहरा असा व्हायचा.

“म्हणजे ते सगळे पाहुणे,” ती म्हणाली.

“यालाच बघायचे.”

“आणि मी रोज संध्याकाळी याच्यासाठी?”

“हो.”

आता आभाळ कोसळणार म्हणून मी दोन पावलं मागे सरकले. भावोजी मात्र हलले नाहीत. घाबरलेले होते, पण मोकळेही दिसत होते. ताई बुंध्याला वळसा घालून मागे गेली. तिथून तिचा आवाज आला, “इकडे या दोघं.”

मागची बाजू काळी नव्हतीच. ती घासून घासून गुळगुळीत झाली होती. माणसाच्या उंचीच्याही वरपर्यंत लाकडाला खोलगट घळ पडली होती, आणि तिच्या दोन्ही कडांना नखांचे ओरखडे होते, काही ताजे पिवळे, काही जुने, करड्या रंगाचे. भेगाभेगांत राठ केस अडकले होते. ताईनं एक पुंजका ओढून काढला आणि बोटांवर पसरला.

“अभ्र्यांवरचे केस वेचण्यात आयुष्य गेलं माझं,” ती म्हणाली. “हे माणसाचे नाहीत.”

अस्वल तिथे पाठ घासायला येत होतं. आज काल नव्हे, लाकूड इतकं झिजेपर्यंत, वर्षानुवर्षं. म्हणजे ज्यांनी ‘मान वळवली!’ म्हणून सांगितलं होतं, त्यांतल्या कुणाकुणासमोर खरोखरच मान वळली होती. कुणासमोर, ते आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

“तुम्हाला एकदाही दिसलं नाही?” ताईनं विचारलं.

“मी कशाला बघू?” भावोजी म्हणाले. “मला माहीत होतं ना, बुंधा आहे म्हणून. मी लोकांची तोंडं बघायचो.”

हे बोलल्यावर त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं. ते तिथेच पालापाचोळ्यात बसले आणि टोपी तोंडावर धरून रडले. मला सवयीनं हसू आलं होतं, ते घशातच राहिलं. अख्खी हयात ज्याच्या नावावर खाल्लं, ते पाठीमागे येऊन जात होतं, आणि हे आमच्यासारख्यांची तोंडं बघत उभे. मला त्यांची फार फार दया आली. आणि माझ्या त्या बुरशीच्या दुर्बिणींची पहिल्यांदा किळस आली.

ताईनं काजळीचा हात पदराला पुसला. जिनं जन्मभर डाग शोधले, तिनं बघितलंसुद्धा नाही कुठे पुसला ते. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” ती म्हणाली. “उठा आता. तुम्ही म्हणालात बुंधा आहे, तर बुंधाच आहे. पटलं मला.”

“मग आता दारात,” भावोजी टोपीआडून म्हणाले आणि पुढे त्यांना बोलवेना.

“आधी भीतीनं उभी राहायचे, ते खरं. पण त्यालाही किती वर्षं झाली! रोज रोज कोण घाबरतं?” ताई म्हणाली. “तुम्ही येताना दिसलात की बरं वाटतं, म्हणून उभी राहते. एवढं कळायला काय दुर्बीण लागते?”

भावोजींनी टोपी खाली केली. मी पोतं उचललं आणि उगाचच लांबची बाटली आणायला गेले.

परतताना पुन्हा भावोजींनीच वल्ही घेतली. वल्हवणाऱ्याला निघालेल्या काठाकडेच तोंड करून बसावं लागतं. बुंधा लहान होत गेला, खडक लहान होत गेला, आणि भावोजी ताईच्या खांद्यावरून तिकडे बघत एकेक वल्हं असं मारत होते की होडी पुढे जातेय की नाही कळू नये. बाकीच्या होड्या केव्हाच काठाला लागल्या होत्या. लोक पोती उतरवून चहा पीत आम्हाला हाका मारत होते.

“काय बघताय?” ताईनं विचारलं.

“काही नाही,” भावोजी म्हणाले. “बघतोय.”

ताईनं हातानं मला जरा बाजूला सरकवलं, त्यांना नीट दिसावं म्हणून, आणि लवकर चला असं काही ती म्हणाली नाही.